दरवाजापट्टी

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. जुनी दारे प्रेमळ असतात, येणाऱ्याजाणाऱ्याला मनातून आशीर्वाद देतात, असे तुम्ही कुठे वाचले असेल तर ते विसरून जा. मी प्रेमळ नाही. माझ्या डाव्या फळीत एक खिळा घुसलेला आहे आणि तो ठोकणाऱ्याचे नाव मला पाठ आहे.

पण आधी माझा जन्म सांगते.

मलायांच्या मुलखातल्या पेराक नदीवर पूल झाला आणि होड्यांचा जुना धक्का मोडीत निघाला. त्या धक्क्याच्या फळ्या चेंगल लाकडाच्या. चेंगल पाण्यात कुजत नाही आणि वाळवीलाही दाद देत नाही. रेल्वेत फिटर असलेल्या यहायाने त्या फळ्या विकत घेतल्या आणि बैलगाडीत घालून बाजारातल्या आ सेंग सुताराकडे नेल्या.

"एवढ्या जड फळ्या? दार करायचंय की किल्ला?" आ सेंगने विचारले.

"बायको सुईण आहे बाबा," यहाया म्हणाला. "आमचं दार लोक वाजवत नाहीत, बडवतात. हलकं टिकायचं नाही."

तसे मी झाले. वर वारा यायला कोरीव जाळी, खाली रुंद उंबरा आणि आत पितळी अडसर. यहायाच्या बायकोचे नाव रफिया. सरकारी दवाखान्यातली सुईण. मलायांची, चिन्यांची, तमिळांची, सगळ्यांची माणसे मला बडवायची आणि आतून रफियाचा आवाज यायचा, "आले रे, आले! दार मोडलंस तर बाळाचं नाव सुतार ठेवीन!" घाबरलेला माणूससुद्धा हसायचा. गावात कुणी नवखा पत्ता विचारू लागला की लोक म्हणत, "सरळ जा, ते हिरवं दार दिसेल ना, त्याच्या पुढून डावीकडे." मित्रांनो, मी तेव्हा फार मिजाशीत होते.

पुढे यहाया गेला. रफिया निवृत्त झाली. बिजागऱ्यांना तेल घालायचे कुणाला सुचेना. माझा हिरवा रंग पोपडे होऊन गळू लागला. रफियाचे गुडघे आणि माझ्या बिजागऱ्या सकाळी एकदमच कुरकुरत. पेन्शन औषधांत जायची, म्हणून तिने एक जुना फ्रीजर आणला आणि आइसकांड्या करून विकायला सुरुवात केली. नारळाच्या, लाल घेवड्याच्या आणि सुक्या आंबट आलुबुखाराच्या. दुपारी शाळा सुटली की पोरांची रांग माझ्यापासून गटारापर्यंत जायची. ती दुसरी मिजास.

तुमच्याकडे जिला घरपट्टी म्हणतात तिला आमच्याकडे दरवाजापट्टी म्हणतात. म्हणजे कर माझ्या नावाचा. नगरपालिकेचा नियम असा की पेन्शनवर जगणाऱ्या किंवा तुटपुंज्या कमाईच्या माणसाला, तो स्वतःच्या घरात राहत असेल तर, अर्धी पट्टी माफ. मात्र तो खरोखर तिथेच राहतो अशी वस्तीप्रमुखाची सही हवी. आमचा वस्तीप्रमुख शुकोर.

या शुकोरच्या आईचे घर माझ्या बरोबर समोर. सानिया तिचे नाव. शुकोर स्वतः वरच्या रस्त्याला दुमजली घर बांधून राहायचा आणि म्हातारी इथे एकटी. तिला भात नेऊन द्यायची ती रफिया. सानिया वारली तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे तिला शेवटची अंघोळ घातली तीही रफियानेच. अंघोळ घालून, कफन बांधून ती बाहेर आली, तर अंगणात शुकोर मोठमोठ्याने रडत होता. रफियाला राहवले नाही. जमलेल्या सगळ्यांसमोर ती म्हणाली, "आता कशाला रडतोस? ती जिवंत होती तेव्हा हा उंबरा किती वेळा ओलांडलास?"

शुकोरचे रडे थांबले. त्याने तिच्याकडे पाहिले ते मी इथून पाहिले. त्या दिवसापासून त्याने डूख धरला.

त्या वर्षी रफिया सहीसाठी गेली तर म्हणाला, उद्या या. उद्या गेली तर परवा. शेवटी एकदा तो माझ्यासमोरून चालला असताना तिने त्याला अडवले.

"सही का करत नाहीस रे?"

"चौकशी करावी लागेल, मावशी. तुम्ही इथेच राहता हे कशावरून?"

"कशावरून? अरे, ईदला याच दारात उभा राहून माझी करंजी खाल्लीस!"

"करंजी खाल्ली हा पुरावा होत नाही."

शेजारचा सुब्बैया कुंपणावरून ऐकत होता. हा पूर्वी रबराच्या मळ्यात होता, आता गरिबीच्या सवलतीत बसायचा. "अक्का, वाद घालू नको," तो नंतर म्हणाला. "मी त्याला डबाभर मासळीचं कालवण दिलं, लगेच सही. तूही दे."

"माझ्या हक्काला कालवणाची फोडणी कशाला?" रफिया म्हणाली. "अर्धी भरायला मी तयार आहे. त्याहून एक छदाम जास्त भरणार नाही."

पूर्ण पट्टी तिने भरली नाही. कार्यालयात अर्धी पट्टी कुणी घेईना. तिच्याबरोबर तिथे कुणी गेलेही नाही. थकबाकी वाढली आणि एका सकाळी जप्तीची नोटीस आली. शिपाई ती डिंकाने चिकटवत होता, पण माझ्या पोपड्यांवर कागद ठरेना. शुकोर शेजारीच उभा होता. त्याने हातोडी मागवली आणि स्वतःच्या हाताने माझ्यात खिळा ठोकला. चेंगलमध्ये खिळा सहज जात नाही, मित्रांनो. त्याला पुन्हा पुन्हा घाव घालावे लागले. प्रत्येक घावाला आत रफिया दचकत होती.

नोटिशीपाठोपाठ गाडी आली. नेण्यासारखे घरात काय होते? फ्रीजर. रफिया हमालांना म्हणाली, "थांबा रे, जरा रिकामा करू द्या." मग दारात येऊन तिने हाक दिली, "पोरांनो, या! आज फुकट!" सगळी गल्ली गोळा झाली. तिने शेवटची कांडी वाटेपर्यंत हमाल थांबून राहिले. एकाने तर स्वतःही खाल्ली आणि मान खाली घातली.

शुकोर जवळ आला. "मावशी, अजून वेळ गेलेली नाही. सगळ्यांसमोर बोलला होतात, सगळ्यांसमोर माफी मागा. लगेच सही करतो."

"खरं बोलल्याची माफी नसते रे."

फ्रीजर गेला. गल्लीने बघितले आणि आपापल्या कांड्या चोखत घरी गेली. सुब्बैयाही गेला. रफियाने मला लावून घेतले, माझ्यावर पाठ टेकवली आणि तशीच घसरत खाली बसली. ती कशी रडली हे फक्त मला ठाऊक आहे. बाहेरच्या कुणाला मी त्यातला एक हुंदकाही ऐकू दिला नाही. पण त्या दिवशी माझ्या लाकडात काहीतरी पेटले. मी दार. चालून जाऊन कुणाचा गळा धरणे माझ्या नशिबी नाही. मी वाट बघत उभे राहिले.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी नगरपालिकेतून नूरैन नावाची एक तरुण अधिकारी आली. सवलत घेणारे खरेच घरात राहतात का, हे बघत ती दारोदार फिरत होती. समोरच्या घराला तिने पुष्कळ हाका मारल्या. ते घर शुकोरने मोटारसायकलच्या सुट्या भागांचे गोदाम म्हणून भाड्याने दिले होते आणि त्या दिवशी तिथे कुलूप होते. मग तिने मला वाजवले.

"मावशी, समोरच्या आजी कुठे गेल्यात? सानिया आजी. त्यांच्या नावाने पेन्शनरांची सवलत चालू आहे, तेव्हा एकदा भेटले असते तर बरं."

रफियाचा हात अडसरावर होता. तो घट्ट झाला. मेलेल्या आईच्या नावावर अर्धी माफी! राहतो कोण, तर पिस्टन आणि साखळ्या! आणि तिथे राहत असल्याची सही कुणाची?

"सवलत चालू आहे?" तिने हळूच विचारले.

"हो. दरवर्षी. वस्तीप्रमुखांची सही आहे."

"मग भेटवते की. चल. पायात नीट घाल काहीतरी, तिकडे गवत फार वाढलंय."

छत्री घेऊन ती निघाली. इतकी ताठ चालताना मी तिला कैक वर्षांत पाहिले नव्हते. त्या दोघी परत आल्या तेव्हा नूरैनचा चेहरा उतरला होता आणि रफियाच्या चपलांना कबरस्तानाची लाल माती होती. तिकडे काय झाले ते तिने सुब्बैयाला माझ्यासमोर सांगितले. "मी कबरीपाशी गेले आणि म्हटलं, सानिया, ऊठ गं, नगरपालिकेची बाई आलीय. पोरानं तुला कामाला लावलंय, मेल्यावरसुद्धा!"

"अक्का, असं बोलू नये," सुब्बैया कानाला हात लावत म्हणाला.

"तिला राग येणार नाही. तिला मीच न्हाऊ घातलंय."

बातमी वरच्या रस्त्याला पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच शुकोर माझ्यासमोर उभा. हातात रफियाचा अर्ज, त्यावर सही. घामाने कागद ओला झालेला.

"मावशी, दार उघडा."

"कोण?"

"मी, शुकोर."

"कोण शुकोर?"

"मावशी, चेष्टा नको. सही आणलीय. तुम्ही फक्त एवढं सांगा की मी नाव बदलायचं विसरलो. आई गेल्याच्या दुःखात राहून गेलं."

"तू शुकोर आहेस हे कशावरून? चौकशी करावी लागेल. उद्या ये."

मित्रांनो, तो मला धक्का देत होता. मी पाऊसपाण्याने फुगलेले, चौकटीत घट्ट बसलेले होते. ढकलून ढकलून त्याचा खांदा दुखला असेल. मी हललेसुद्धा नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे काम.

पुढे सुनावणी झाली. शुकोरचे पद गेले. पेन्शनरांना वस्तीप्रमुखाची सही लागणार नाही, पेन्शनचे कार्ड पुरे, असा नियम झाला. रफियाची सवलत मागच्या थकलेल्या वर्षांनाही लागू झाली आणि फ्रीजर परत आला. पण इतके दिवस उघड्यावर पडून त्याचे यंत्र गंजले होते. तो पुन्हा कधी चालला नाही.

शुकोरने आईच्या घराची थकबाकी भरली नाही, तेव्हा तीच गाडी समोर आली. रफियाने आतून खुर्ची आणली, मला सताड उघडले आणि माझ्या मधोमध बसली. भाडेकरूचे खोके बाहेर येऊ लागले; घरात सापडेल ते जप्त आणि भरपाई शुकोरच्या माथी. एक फुटला आणि साखळ्या चिखलात पडल्या. शुकोर गुडघ्यांवर बसून त्या गोळा करू लागला. सुब्बैया मदतीला उठला.

"बस," रफिया म्हणाली.

तो बसला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती पापणी न लववता बघत होती.

"आता शांत वाटतंय ना, अक्का?" सुब्बैयाने विचारले.

"नाही."

"मग?"

"पुन्हा एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

सुब्बैयाला ते आवडले नाही. मला आवडले.

तर मित्रांनो, जुन्या दारांना तेल घाला, रंग द्या, हे मी सांगायला हवे. घातलेत, दिलात तर बरेच. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या शेजारची एखादी म्हातारी आपल्या सवलतीसाठी कार्यालयात निघाली असेल, तर तिच्याबरोबर जा. काही बोलू नका. नुसते शेजारी उभे राहा. एकट्या माणसाला "उद्या या" म्हणणे फार सोपे असते. त्या दिवशी कांड्या घेऊन घरी गेलेल्या साऱ्या गल्लीतून एक माणूस जरी तिच्या बाजूला थांबला असता, तर शेवटी ती दुसऱ्याची जप्ती बघायला खुर्ची टाकून बसली नसती.