खालची, उजवीकडची, पहिली दाढ

लॅबची किल्ली कुणाकडे? शिपाईकाकांकडे. शिपाईकाका कुठे? सभागृहात, खुर्च्या लावताहेत. खुर्च्या कशाला? स्वयंप्रेरणेच्या तासाला. तो तास कशाला? मुलांनी स्वतःहून अभ्यास करावा म्हणून. आणि मुंगीला स्वतःहून अभ्यास करायचा होता, त्याचं काय?

त्याला कुलूप.

मुंगी म्हणजे कृत्रिम दात बनवायला शिकवणाऱ्या संस्थेतली पहिल्या वर्षाची मुलगी. नाव वर्गाने ठेवलेलं. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचा, नमुन्याशेजारी धरायचा, तोंड वाकडं करायचं, पुन्हा नवा कोरायला घ्यायचा, ही तिची खोड. शुक्रवारी कोरीव कामाची परीक्षा होती. पास झाली तर दुसरं वर्ष, नापास झाली तर थेट घरी. संस्थेच्या नियमात दुसरी संधीच नव्हती. सुळे तिला जमत, पुढचे दात जमत. दाढेशी मात्र उभा दावा. कोरायला घेतलेली दाढ बघता बघता बटाटा होऊन बसायची.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात दुपारचे लॅबचे सगळे तास काढून त्या वेळेत उमेदसरांना बसवलं होतं. हे सर बाहेरून आणलेले. खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण दर तिसऱ्या वाक्याला ते ‘उमेद’ म्हणत.

“कोण करणार?”

“मी करणार!”

“कधी करणार?”

“आत्ता करणार!”

“सर, आत्ता करायचं तर लॅब उघ–” मुंगी उभी राहून म्हणाली.

“वा! हीच ती उमेद! टाळ्या!”

टाळ्या झाल्या. मुंगी खाली बसली. शेजारच्या लंबूने कान खाजवला. “लोकांचं चणे आहेत तर दात नाहीत असं असतं. आपलं बघ, दातांचंच शिक्षण आणि तरी दात नाहीत.”

मुंगीला हसू आलं नाही.

प्राचार्यांच्या दारात तिने दातांच्या कण्या केल्या.

“सर, तासभर तरी उघडून द्या. नमुने आतच आहेत.”

“तास बुडवायचा नाही. स्वयंप्रेरणा सक्तीची आहे.”

“मग तास संपल्यावर?”

“तास संपल्यावर लॅब बंद.”

“मी एकटी बसेन, सर. कुणाला त्रास नाही. माझी मी, स्वतःहून.”

“स्वतःहून बसायचं तर परवानगी लागते.”

“मग द्या ना.”

“ती देणारे सर रजेवर आहेत.” प्राचार्यांनी चष्मा पुसला. “तुम्हा मुलांचं हेच चुकतं. सगळं आयतं पाहिजे. जरा स्वतः मार्ग शोधा.”

शोधला.

मार्ग न्हाणीघरात निघाला. मेण नाही तर साबण. नमुना नाही तर…

“मावशी, तोंड उघड.”

“कशाला?”

“खालची उजवी दाढ बघायचीय. पहिली.”

मुंगी राहायची मावशीकडे. मावशी लॉण्ड्रीत कामाला. दिवसभर इस्त्री फिरवून आलेली, पाय वर घेऊन बसली होती. “ती मी केव्हाच डॉक्टरला देऊन बसले. तुझी तुला आहे ना? देवाने दिलीय, बघ आरशात.”

मुंगीने आरशात बघितलं. एका बोटाने गाल ओढून धरला, दुसऱ्या हातात चाकू. पाच उंचवटे. गालाच्या बाजूला तीन, जिभेच्या बाजूला दोन. गालाकडच्या तिनांतला मागचा सगळ्यांत लहान. बघायचं, कोरायचं. जिभेने चाचपायचं, पुन्हा कोरायचं. तोंडात बोट असल्यामुळे लाळ गळत होती, चाकूला फेस येत होता. बटाटा हळूहळू दाढ व्हायला लागला. गुरुवारी तर अशी झाली की मावशी साबणदाणीत हात घालून किंचाळलीच.

“अगं ए! या घरात आता दाढेने अंघोळ करायची का?”

शुक्रवार. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई, फळ्यावर एकच ओळ: खालची, उजवीकडची, पहिली दाढ.

मुंगी मनात म्हणाली, ये.

हात आपोआप चालला. मेण साबणापेक्षा गुणी, सांगेल तिथे थांबणारं. सगळ्यांच्या आधी तिची दाढ झाली आणि ती सुंदर झाली. लंबूने वाकून बघितलं आणि भुवया उडवल्या.

मग खोड आडवी आली. नमुना समोर नव्हता, म्हणून तिने ठोकळा स्वतःच्या उजव्या गालाला बाहेरून टेकवला, दाढ आत असते तशीच बाहेर धरून. लहान उंचवटा मागे, कानाकडे यायला हवा.

तो नाकाकडे आला.

तोंडचं पाणी पळालं. पुन्हा धरला. नाकाकडे. आरसा! आठवडाभर ती आरशातली दाढ शिकली होती. आरशातल्या उजव्या दाढेची प्रत हातात उतरते ती डावी. भिंतीपलीकडे लॅबमध्ये कपाटभर नमुने पडून होते. त्यांतला एक, फक्त एक, हातात मिळाला असता तर…

दातओठ खायलाही वेळ नव्हता.

“बाई, दुसरा ठोकळा मिळेल?”

“प्रत्येकाला एकच.”

एकच. पण ठोकळ्याला टोकं दोन असतात. तिने तो उलटा केला आणि तळाकडून नव्याने सुरुवात केली. या वेळी हात आपोआप चालेना. प्रत्येक उंचवट्याला थांबून विचारावं लागलं, तू कुठला? गालाचा की जिभेचा? पुढचा की मागचा? घंटा झाली तेव्हा खाचा नीट गुळगुळीत व्हायच्या होत्या.

परीक्षकबाईंनी ठोकळा दोन्हीकडून बघितला. “यातली कुठली तपासू?”

“ही. उजवी.”

“डावी जास्त चांगली झालीय.”

“मागितलीय उजवी.”

बाईंनी मान हलवली. “पास. काठावर. चूक तुझी तुला दिसली, म्हणून फार बरं वाटलं.”

दारात उमेदसर आणि प्राचार्य उभेच होते. उमेदसरांनी फोन वर केला. “हार न मानणारी मुलगी! एक फोटो. आणि दोन शब्द बोल, यशाचं श्रेय स्वयंप्रेरणेच्या तासाला, असं काहीतरी. पुढच्या बॅचला दाखवू.”

मुंगीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

“श्रेय हवंय?” ती म्हणाली. “त्या ठोकळ्यावर दोन दाढा आहेत, सर. उजवी माझी. डावी तुमची. लॅबला कुलूप लावून तुम्ही करून घेतलीत माझ्याकडून. तिचं श्रेय खुशाल घ्या, फोटोही तिचाच काढा.”

फोन हळूहळू खाली आला.

“ही काय बोलायची पद्धत झाली?” प्राचार्य लालबुंद झाले. “उद्या पालकांना घेऊन यायचं. त्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही!”

मुंगीने तिथेच, त्यांच्यासमोर, मावशीला फोन लावला. पलीकडे इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. तिने सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता.

“पास झालीस ना?”

“झाले.”

“मग उद्या येते. आणि ऐक, त्यांना काय काय विचारायचं ते आज नीट सांगून ठेव मला. प्रश्न तुझे, आवाज माझा.”