ट्रंक कॉलवर कॉम्प्युटर

मालन नागवेकर रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक ऑपरेटर होती. परगावचा कॉल जोडून द्यायचा आणि लोकांच्या बोलण्यातून बाजूला व्हायचं, हा तिथला नियम. मालनचा आवाज खणखणीत, हात चपळ; बाजूला होणं तेवढं तिला जमत नसे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात, एका दुपारी मिरजोळ्याच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यातून मुंबईला अर्जंट कॉल मागितला गेला. मुंबई लागली, पण लाइन अशी, की मुंबईचं बोलणं मालनला ऐकू येई आणि पुढे कारखान्यात नुसती खरखर पोचे.

"हॅलो, काय म्हणालात? हॅलो!" कारखान्यातली बाई रडकुंडीला आली. "ऑपरेटर, मला त्यांचं काहीच कळत नाहीये हो!"

मालनने इकडेतिकडे पाहिलं. सुपरवायझर मथुराबाई दूर टेबलाशी होत्या. ती हलकेच म्हणाली, "ते विचारतायत, यंत्रावर दिवा लागला का?"

"लागलाय! पंख्याचा आवाजही येतोय. पण कॉम्प्युटर सुरू होत नाही."

ही दमयंती साळवी. कारखान्यात कॉम्प्युटर आला त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. रोज सकाळी मॅनेजर बाबूराव तो सुरू करून देत आणि दमयंती पुढचं टाइपिंग करी. आज बाबूराव भाच्याच्या लग्नाला देवरूखला गेले होते. आमरसाच्या डब्यांचा ट्रक भरून दारात उभा, संध्याकाळी निघाला नाही तर मुंबईहून सुटणारी बोट चुकणार, आणि खोक्यांवरची लेबलं त्या बंद कॉम्प्युटरच्या पोटात.

मालनने जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे कपाटाएवढं काहीतरी उभं राहिलं. तरी तिने मुंबईला सगळं सांगितलं. तिकडे कंपनीचे इंजिनिअर होते, शिवराम आग्रे. आवाज अगदी साहेबी.

"पडद्यावर काही अक्षरं आहेत का, विचारा."

"आहेत," दमयंतीने वाचलं, "नॉन-सिस्टम डिस्क."

"मग सोपं आहे," आग्रे म्हणाले. "सुरू करायची फ्लॉपी वेगळी असते. डब्यातून ती काढा, ए ड्राइव्हमध्ये घाला, दांडी खाली करा आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करा."

मालनने शब्दन् शब्द पुढे पोचवला. फ्लॉपी सापडली. पहिल्यांदा उलटी घातली, दांडी खाली होईना. मग सुलट घातली. यंत्र घरघरलं.

"परत तेच आलं!" दमयंती म्हणाली. "नॉन-सिस्टम डिस्क."

"अशक्य. ए मध्येच घातली ना?"

"ए मध्येच घातली."

पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तेच. आता आग्रे थकले. "फ्लॉपीच बिघडली असेल. मी रात्रीच्या एसटीने निघतो, उद्या सकाळी पोचेन."

"उद्या? ट्रक आत्ता जायचाय हो!" मालन स्वतःच ओरडली आणि तिने जीभ चावली. खांद्याशी मथुराबाई उभ्या होत्या.

"नागवेकर, हे काय चाललंय?"

"बाई, लाइन खराब आहे, त्यांना एकमेकांचं ऐकू जात नाही. तिकडे कॉम्प्युटर अडलाय."

मथुराबाईंनी भुवया चढवल्या, शेजारचा रिकामा हेडफोन उचलला आणि कानाला लावला. "मग थांबलीस का? बोल."

मालनला जोर चढला. "ताई, मला नीट सांगा. फ्लॉपी घालायच्या फटी किती?"

"दोन. एकावर एक."

"त्यातली ए कुठली?"

"खालची."

"का?"

"का म्हणजे? इमारतीत तळमजला आधी, मग पहिला. मी खालूनच मोजलं."

मालनने हे मुंबईला सांगितलं. मग आग्र्यांच्या साहेबी आवाजातून थेट गुहागरची गावबोली उसळली. "जल्ला मेला! वरची गो बाय, वरची! वरच्या फटीत कालची दुसरीच फ्लॉपी बसली असणार, ती काढ आधी!"

मालन खुदकन हसली. "ताई, ए म्हणजे वरची! अहमदाबादचा ए वर, बॉम्बेचा बी खाली. वरची फ्लॉपी काढा, खालची वर घाला."

मथुराबाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता.

"आलं!" दमयंती किंचाळली. "तारीख विचारतोय! सुरू झाला!"

"तारीख लिही आणि पुढे हो," आग्रे म्हणाले. "आणि ऑपरेटर बाई, गुहागरला माझी आई आहे, तिला सांगता येईल तर सांगा, मी उद्या येत नाहीये."

"तिच्याकडे फोन आहे?"

"नाही हो. गंमत केली."

मथुराबाईंनी हेडफोन उतरवला. "पुन्हा अशी मध्ये बोललीस तर बघ," त्या दरडावून म्हणाल्या, आणि चहावाल्याला हाक मारताना तिचाही कप सांगितला. संध्याकाळी कारखान्यातून फोन आला: लेबलं छापून चिकटवून झाली, ट्रक हातखंब्याचा फाटा सोडून मुंबईच्या रस्त्याला लागलासुद्धा. आणि रविवारी मालनने यायलाच हवं.

रविवारी ती गेली. कपाट कुठलं, छोट्या टीव्हीएवढं यंत्र टेबलावर बसलं होतं. दमयंती तिच्याच वयाची निघाली, फोनवर वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ हसरी. थंडगार आमरसाची वाटी हातात देऊन तिने मालनला खुर्चीवर बसवलं.

"घाल गं फ्लॉपी. तूच सुरू कर."

मालनने वरच्या फटीत फ्लॉपी सरकवली, दांडी खाली केली, बटण दाबलं. घरघर झाली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"हे काय विचारतोय?"

"आजची तारीख."

"एवढा शहाणा, आणि याला तारीख माहीत नाही?"

"रोज सकाळी सांगावी लागते," दमयंती म्हणाली.

"मग आम्हाला फोन करायला सांग की याला," मालन वाटी चाटत म्हणाली. "अर्धी रत्नागिरी किती वाजले ते आम्हालाच विचारते. त्यात हा एक."