बिशपसाहेबांची कॉफी

मित्री मास्तरांना उभ्या जन्मात कुणाकडे काही मागायला जमलं नव्हतं. बसमधल्या शेजाऱ्याला खिडकी उघडायला सांगायची, तर ते हेब्रोन येईपर्यंत नुसते घाम पुसत बसत. अशा माणसाला पॅलेस्टाईनमधल्या बेत जाला गावच्या चर्च-समितीने मागणं घालायला धाडलं, ते केवळ इंग्रजी येतं म्हणून.

मागणं मात्र त्यांच्याच घरचं होतं. थोरली बहीण अफीफे हिची जर्दाळूची बाग इस्रायलने घातलेल्या कुंपणापलीकडे गेली होती. कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप आणि किल्ली इस्रायली सैनिकांकडे. जर्दाळू पिकून गळायला लागले तरी फाटक उघडेना. बाहेरदेशीचा मोठा धर्मगुरू येऊन उभा राहिला की ते उघडतं, असा गावाचा अनुभव. असे एक बिशप हॅल्डेन अतिथिगृहात उतरले होते आणि रविवारी शांततेवर प्रवचन करून परत जाणार होते. त्यांनी उद्या सकाळी फाटकाशी येऊन प्रार्थना करावी आणि जे दिसेल ते बोलावं, एवढंच हवं होतं.

"चिठ्ठी पाठवू या का?" मास्तरांनी सुचवलं.

"चिठ्ठी?" समितीचे म्होरके अबू खादेर गरजले. त्यांचा आवाज चर्चच्या घंटेलाही दबवत असे. "मुलगी मागायला चिठ्ठी पाठवतात का? भांडण मिटवायला चिठ्ठी पाठवतात? रीतसर जायचं. समोर कॉफी येईल. मागणं मान्य होईपर्यंत तिला ओठ लावायचा नाही. या रीतीपुढे भलेभले वाकलेत."

"त्यांना ही रीत ठाऊक नसली तर?"

"मास्तर, बिशप आहे तो! आपला येशू या डोंगरांतला. त्याच्या माणसाला इथली रीत ठाऊक नसेल?"

 यावरचं उत्तर मास्तरांना सुचलं ते घरी पोचल्यावर, पण तोवर दुपारची वेळ ठरून गेली होती.

अबू खादेर, गावचे पाद्री अबूना नख्ले आणि मास्तर असे तिघे गेले. बिशपसाहेब सपाता घालून दाराशी आले. फार भला माणूस. पाहुण्यांना स्वतःच्या हाताने कॉफी द्यायची हौस त्यांना होती. त्यांनी बरणीतली पावडर काढली, गरम पाणी ओतलं, दूध ओतलं आणि तीन मोठाले मग समोर ठेवले. एकेकात म्हैस पोहली असती.

अबूना नख्ले मगात डोकावून कुजबुजले, "न पिण्याची रीत ज्याने काढली, देव त्याचं भलं करो."

अबू खादेर उठले. त्यांनी बिशपांना, त्यांच्या वाडवडलांना, त्यांच्या देशातल्या पावसाला आशीर्वाद दिला. मग आदमपासून सुरुवात करून ते नोहाच्या नावेशी आले, तिथे जरा दम खाल्ला आणि शेवटी एकदाचे फाटकाशी पोचले.

मास्तर इंग्रजीत म्हणाले, "उद्या सकाळी फाटकाशी याल का?"

"एवढंच?" अबू खादेर खवळले. "माझा नोहा कुठे गेला?"

"नोहा त्यांना माहीत आहे, अबू खादेर."

बिशपसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांच्या चर्चमध्ये या भूमीच्या प्रश्नावरून दोन तट पडले होते, आणि निघताना सगळ्यांनी बजावलं होतं, कुणाची बाजू घेऊ नका. ते म्हणाले, "मी यावर प्रार्थना करीन."

मास्तरांनी ते अरबीत सांगितलं.

"म्हणजे हो की नाही?" अबू खादेरांनी विचारलं.

"म्हणजे..." मास्तर चाचरले, "चर्चच्या भाषेतलं 'नाही'."

अबू खादेरांनी मगाकडे पाठ फिरवली. अबूनांनी फिरवली. मास्तरांना अर्धीच जमली.

बिशपसाहेब घाबरले. "कॉफी आवडली नाही का? साखर देऊ?" साखर आली. कुणी हलेना. "चहा करू?" चहा आला, तोही तसाच राहिला. बिस्किटं आली, सरबत आलं. टेबलावर लग्नघरासारखी दाटी झाली आणि मधोमध तीन म्हातारे उपाशी बसल्यासारखे ताठ.

रीत समजावून सांगावी असं मास्तरांच्या जिभेवर चारदा आलं. पण सांगून अडून बसणं म्हणजे धमकीच, असं वाटून ते चारदा गिळलं.

शेवटी बिशपांच्या मनात भलतंच आलं. यांना आपल्या हातचं खायची भीती तर वाटत नाही? त्यांनी झटकन अबू खादेरांचा मग उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. "बघा! काही झालं नाही मला!"



"याला काय म्हणायचं?" अबूनांनी हळूच विचारलं. "यजमानानेच पाहुण्याची कॉफी प्यायली."

"असं कधी घडलं नाही," अबू खादेर म्हणाले. त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "पण कप रिकामा म्हणजे मागणं मान्य. मुबारक!"

त्यांनी बिशपांचे दोन्ही गाल चुंबले. स्वयंपाकघरात कान लावून बसलेल्या आचारीणबाईंनी आनंदाने लग्नातली किलकारी अशी घातली की अंगणातली कबुतरं उडाली.

"लग्न ठरलं का कुणाचं?" बिशपसाहेब गाल चोळत म्हणाले.

आता मास्तरांवर आलं. गप्प राहिलं असतं तर बहिणीची बाग वाचत होती. बिशप भिडेचा माणूस, शब्द दिला म्हटल्यावर आलाच असता. मास्तरांनी डोळे मिटले.

"साहेब, ही आमची रीत आहे. तुम्ही कप रिकामा केलात म्हणून हे समजतात तुम्ही वचन दिलंत. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही मोकळे आहात."

"काय सांगतोयस रे त्यांना?" अबू खादेर ओरडले.

"नोहा सांगतोय," मास्तर म्हणाले आणि पुन्हा इंग्रजीकडे वळले. त्यांनी घसा खाकरला. "बाग माझ्या बहिणीची आहे. कुणाची बाजू घेऊ नका, साहेब. नुसते फाटकाशी उभे राहा. दोन्हीकडे माणसंच आहेत. इस्रायलींकडची नुरित म्हणून बाई आहे, ती येरुशलेमहून येऊन आमच्यासाठी त्या सैनिकांशी भांडते. पण किल्ली एकाच बाजूला आहे. तेवढं बघा, आणि दिसलं तर सांगा."

बिशपसाहेबांनी रिकामा मग टेबलावर ठेवला.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी अरबीत एकच शब्द उच्चारला, 'येताहेत', आणि अबू खादेरांनी आनंदाच्या भरात अबूनांचा मग उचलून तोंडाला लावला. त्या गार, दुधाळ कॉफीने त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण रीतीप्रमाणे उरलेलं सगळं तिघांना प्यावं लागलं.

सकाळी बिशपसाहेब पूर्ण पोशाखात आले. फाटकापलीकडे नुरित कंबरेवर हात ठेवून कोवळ्या सैनिकाशी भांडतच होती. बातमीवाल्यांच्या कॅमेऱ्यासमोर बिशपांनी जपून लिहिलेल्या भाषणाचा कागद खिशातून काढला, पाहिला आणि परत ठेवला. "शांततेसाठी मी रोज प्रार्थना करतो," ते म्हणाले. "पण शेजाऱ्याच्या बागेची किल्ली खिशात ठेवून शांतता मागता येत नाही. हे फाटक रोज उघडलं पाहिजे. घरी जाऊन मी हेच सांगणार, माझी माणसं रागावली तरी."

सैनिकाने फोनवर कुणाला तरी विचारलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि कुलूप काढलं. "दुपारपर्यंतच. उद्या बंद."

अफीफे भावाला ढकलून आत धावली. घटकाभरात बिशपसाहेब शिडीवर होते, झगा फांदीत अडकला होता आणि खालून नुरित ओरडत होती, "हिरवे नको, हिरवे नको!"

"यांना विचार," अफीफे मास्तरांना म्हणाली, "उद्या येतात का."

मास्तर शिडीखाली गेले. या वेळी घसा खाकरायचीही गरज पडली नाही.

"साहेब, उद्याही या."