दोन पिवळे तंबू

निनियन पर्डीने आयुष्यभर लोकांची लग्नं लावली. दक्षिण स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकच्या नोंदणी कचेरीत तो निबंधक होता, आणि गावातल्या निम्म्या जोडप्यांनी त्याच्यापुढे उभं राहून एकमेकांना 'हो' म्हटलेलं होतं. स्वतः मात्र तो तसा कधी कोणाबरोबर उभा राहिला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "मिठाईवाल्याला गोड खाताना पाहिलंय का कधी?"

निवृत्त झाला त्या दिवशी कचेरीतल्यांनी त्याला केक दिला, भाषणं केली, आणि आता काय करणार म्हणून विचारलं. तो म्हणाला, "सायकल घेऊन उत्तरेला जाणार. एकटा. जिथे माणूस नाही तिथे तंबू ठोकणार आणि कोणाशी एक शब्द बोलणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला लोकांना कारण लागत नाही.

तर जून महिन्यात तो उत्तरेला लेर्गच्या स्टेशनावर सायकलसह उतरला. तंबू नवाकोरा, भडक पिवळा. सायकलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्याही पिवळ्या. मोसमाच्या सुरुवातीला एका दुकानाने हा रंग स्वस्तात काढला होता. का काढला ते बघितल्यावर कळायचं.

लेर्ग सोडलं की रस्ता एका गाडीपुरता उरतो. दोन्ही बाजूंना दलदलीचा माळ, मेंढ्या आणि वारा. निनियन दिवसभर पायडल मारत होता आणि मनातल्या मनात खूश होत होता. माळाच्या मधोमध एकच खाणावळ लागते, तिथे तो सूप प्यायला थांबला. खाणावळ ह्यूगीना मके नावाच्या बाईची. तिने दारातूनच आधी त्याच्या पिशव्या पाहिल्या, मग त्याचं तोंड पाहिलं.

"आलात का एकदाचे?" ती म्हणाली. "ती तासाभरापूर्वी गेली. सूपसुद्धा धड प्यायली नाही बिचारी."

"कोण?"

ह्यूगीनाने कमरेवर हात ठेवले. "हे बघा, भांडण कोणाचं होत नाही? पण 'कोण' म्हणू नये. शोभत नाही."

आता झालं होतं असं. त्या दिवशी दुपारी नेट्टा लेडलॉ नावाची एक बाई त्याच वाटेने गेली होती. पन्नाशीची, तीही दक्षिणेकडची, गॅलाशील्सची. तिथे ती शाळेतल्या मुलांना बॅगपाइप शिकवायची. एका खोलीत डझनभर पोरं एकदम बॅगपाइप फुंकू लागली की काय होतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच तिचं दुःख कळेल. तिला फक्त शांतता हवी होती. तिच्या पिशव्याही पिवळ्या होत्या, त्याच दुकानातल्या. ह्यूगीनाने तिला विचारलं होतं, "एकट्याच?" त्यावर ती म्हणाली होती, "एकटीच. आणि आता एकटीच राहायचंय." हे तिने असं काही म्हटलं की ह्यूगीनाला पुढचं सगळं आपोआप समजलं.

"बाई, माझं लग्नच झालेलं नाही," निनियन म्हणाला.

"रागात माणूस काहीही बोलतो," ह्यूगीना म्हणाली, आणि तिने त्याला सूप जरा कमीच वाढलं.

आमच्या उत्तरेला फोनला रेंज मिळत नाही म्हणून पाहुणे कुरकुरतात. बातमीला रेंज लागत नाही हे त्यांच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निनियन अल्टनाहारा गावाच्या पुढे, तिथल्या तळ्याच्या काठाने चालला होता. तिथून डावीकडे फुटणारी एक वाट त्याने नकाशावर खूण करून ठेवली होती. त्या वाटेवर घर नाही, दुकान नाही, अगदी मनासारखी. तेवढ्यात समोरून टपालाची लाल गाडी आली आणि त्याच्यासमोर आडवीच उभी राहिली. गाडी मुर्डिना चालवते. मुर्डिनाला सगळे ओळखतात, आणि ती सगळ्यांना जरा जास्तच ओळखते.

"तुम्हीच का ते?" काच खाली करून तिने विचारलं.

"कोणते?"

तिने सीटवरची एक छोटी थैली उचलली. तिच्यात तंबूच्या मेखा खुळखुळल्या. "काल संध्याकाळी या काठावर पिवळा तंबू होता. आत्ता येताना बघितलं तर तंबू नाही, गवतात ही थैली. तुमच्या बायकोच्या मेखा राहिल्यात."

"ती माझी बायको नाही! कोण ती? मी तिला बघितलंसुद्धा नाही!"

मुर्डिना इतकी हसली की गाडीचा हॉर्न दाबला गेला. "अगं बाई! सकाळी पुढे लॉयलच्या तळ्यापाशी भेटली तेव्हा तीही अगदी हेच म्हणाली. म्हटलं, ते मागून येतायत हो. तर म्हणते, 'कोण तो? मी कोणाला ओळखत नाही!' स्वभाव किती जुळतात बघा तुमचे."

"तुम्हीच नेऊन द्या ना मेखा."

"मला पूर्वेला जायचंय टपाल घेऊन. आणि वारा कुठून येतोय बघताय ना? आज त्या तळ्यावर मेखांशिवाय तंबू लावला तर थेट नॉर्वेला जाईल. तंबूही आणि बाईही." थैली त्याच्या हातात कोंबून ती गाडीत बसली. "आणि हे बघा, आधी तुम्हीच बोला. पुरुषाने आधी बोललं की लवकर मिटतं."

निनियन त्या डाव्या वाटेच्या तोंडाशी बराच वेळ उभा राहिला. वाट सुंदर होती. तिच्यावर एक मेंढीसुद्धा नव्हती. पण बाईचा तंबू उडून गेला तर? चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला दुसऱ्याची वस्तू घेऊन एकांतात बसता येत नाही. त्याने एक शिवी दिली, ती कोणी ऐकली नाही एवढंच त्या दिवशीचं समाधान, आणि सायकल उत्तरेला वळवली.

वारा समोरून. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. जगात कोणालाही भेटू नये म्हणून घरातून निघालेला माणूस जीव तोडून एका बाईच्या मागे चालला होता, आणि वाटेत एक मेंढपाळ ट्रॅक्टर थांबवून ओरडला, "हिंमत सोडू नका! फार पुढे नाही गेली!"

लॉयलच्या तळ्याकाठी पिवळा तंबू दिसला. चारी बाजूंना धोंडे ठेवलेले, तरी कापड फडफडत होतं. तंबूसमोर नेट्टा लेडलॉ उभी होती आणि तिच्या हातात सायकलचा पंप होता. हवा भरायला धरतात तसा तिने तो धरलेला नव्हता.

"तिथेच थांबा," ती म्हणाली. "दोन दिवस तुम्ही गावोगाव माझा नवरा म्हणून सांगत फिरताय. कशासाठी?"

"मी? मी दोन दिवस गावोगाव 'नाही, नाही' म्हणून सांगतोय!"

"मग लोक का म्हणतात?"

"पिशव्यांमुळे!"

तिने त्याच्या पिशव्या पाहिल्या. मग स्वतःच्या. मग पंप थोडा खाली आला.

"बाई," निनियन धापा टाकत म्हणाला, "मी विवाह निबंधक होतो. आपलं लग्न झालेलं नाही हे माझ्याइतकं खात्रीने अख्ख्या स्कॉटलंडमध्ये कोणी सांगू शकणार नाही. या तुमच्या मेखा. मी चाललो."

पण तो जाणार कुठे? वारा वाढला होता. नेट्टाने मेखा ठोकल्या, मग त्याच्याकडे न बघता स्टोव्ह पेटवला. त्याने ओटची बिस्किटं आणि चीज काढलं. वारा होता म्हणून चिलटं तरी नव्हती; आमच्याकडे वाऱ्याचं एवढंच काय ते चांगलं. चहा पिताना ती म्हणाली, "मला दोन आठवडे कोणाचाही आवाज ऐकायचा नव्हता. पहिल्याच दिवशी त्या खाणावळवालीने मला संसार कसा टिकवावा ते सांगितलं. सूप संपेपर्यंत. म्हणून मी सूप संपवलंच नाही."

"मला तिने सूपच कमी दिलं."

नेट्टा हसली. अगदी थोडं, पण हसली.

मग दोघांनी विचार केला. टंग गाव पुढच्याच वळणावर होतं, आणि उद्या शनिवार. संध्याकाळी गावच्या सभागृहात चहा आणि नाच असतो, सगळा मुलूख जमतो. तिथे जाऊन सर्वांदेखत एकदाच खरं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं ठरलं. खऱ्यावर त्यांचा फार विश्वास होता. दोघंही दक्षिणेचे.

शनिवारी संध्याकाळी मी सभागृहात होतो, चहाची किटली माझ्याकडे होती. दोघं एकदम दारातून आत आले तेव्हा मुर्डिनाने ह्यूगीनाचा दंड असा दाबला की ह्यूगीना ओरडली. निनियन कचेरीत उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला, "एक गैरसमज झालाय. आम्ही नवराबायको नाही. आम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नाही."

 मग भिंतीपाशी बसलेला म्हातारा इव्हॅन्डर तोंडातला तंबाखूचा पाइप काढून म्हणाला, "अरे बाबा, संसाराला पन्नास वर्षं झाली. मी तरी हिला कुठे ओळखतो?"

"तोंडातून पाइप निघाला तर ओळख होईल ना!" शेजारून त्याची म्हातारी म्हणाली.

सगळं सभागृह हसलं. नेट्टा ओरडून सांगत होती, "तसं नाही हो! खरंच नाही ओळखत!" पण अकॉर्डियनवाल्याने तोवर संथ वॉल्ट्झ सुरू केला होता, आणि मागून कोणीतरी दोघांना मध्ये ढकललं. नाचले ते. दुसरा मार्ग नव्हता. निनियनला नाच येत नव्हता, म्हणून नेट्टा दातओठ खात ठेका मोजत होती, आणि लांबून ती त्याच्या कानात काहीतरी गोड बोलतेय असं दिसत होतं. ह्यूगीनाने डोळे पुसले. नाच संपल्यावर तिने जाहीर केलं की तिच्या बहिणीकडची समुद्राकडची खोली रिकामी आहे, मोठा पलंग आहे, आज रात्रीपुरती फुकट.

सरबत आणतो म्हणून निनियन बाहेर गेला तो परत आलाच नाही. नेट्टा त्याला बघून येते म्हणाली, तीही आली नाही. लोकांना यात अर्थातच चांगलंच लक्षण दिसलं.

सकाळी दोघंही आपापल्या मनाने, एकमेकांना न सांगता, गाव जागं व्हायच्या आत पश्चिमेला निघाले. खाडीवरच्या पुलावर गाठ पडली. आता एकमेकांवर रागवायचीही ताकद नव्हती. ती पुढे, तो थोडा मागे, असे मुकाट्याने चालू लागले. थोड्या वेळाने एक मजेदार गोष्ट घडली. म्हणजे काहीच घडलं नाही. समोरून मोटार आली, चालकाने स्टिअरिंगवरचं बोट उचलून नमस्कार केला आणि निघून गेला. पुढे एका दुकानात त्यांनी पाव आणि दूध घेतलं. दुकानदारणीने दोघांकडे एकदा पाहिलं, पिशवी दिली, आणि परत आपल्या विणकामात डोकं घातलं. एक प्रश्न नाही.

बाहेर आल्यावर निनियन हळूच म्हणाला, "लक्षात आलं का?"

"आलं," नेट्टा म्हणाली. "नांदत्या जोडप्यात कोणाला रस नसतो."

दोघं दूध पीत उभे राहिले.

"पश्चिम टोकाला, डर्नेसपर्यंत?" त्याने विचारलं.

"बोलायचं नाही."

"अजिबात नाही."

"तंबू वेगळे."

"हाकेच्या अंतरावर."

"हाकेच्या पलीकडे," नेट्टा म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर ज्यासाठी दोघं घरातून निघाले होते ते त्यांना तिथून पुढे मिळालं. इरिबॉलच्या लांबच लांब खाडीला वळसा घालताना पाऊस आला नि गेला. कोकिळ ओरडत होता. पाण्यातून सील डोकी काढून बघत, आणि कंटाळून परत बुडत. कोणी त्यांना थांबवलं नाही, कोणी उपदेश केला नाही. संध्याकाळी हिरवळीच्या दोन टोकांना दोन पिवळे तंबू उभे राहत आणि मध्ये मेंढ्या चरत. निनियनने मला पुढे सांगितलं की आयुष्यात इतका निवांत तो कधीच नव्हता. सकाळी उठल्यावर पलीकडचा तंबू तिथे आहे ना, एवढं तो बघून घ्यायचा. का बघायचा ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

डर्नेसच्या कड्यावर शेवटचा मुक्काम झाला. सकाळी नेट्टा आपली सायकल ढकलत त्याच्या तंबूपाशी आली. तिला खाडीपलीकडे जाणारी होडी गाठायची होती.

"सोबतीला बरे होतात," ती म्हणाली.

"तुम्हीही."

"बोलला नाहीत ते फार बरं केलंत."

तिने हात पुढे केला, त्याने तो हातात घेतला, आणि ती उतारावरून निघून गेली. वळणावर तिने मागे पाहिलं. मागून गाडी येत नाही ना, हे बघायला असेल.

निनियन दक्षिणेकडे लागला. रस्ता मोकळा, ऊन पडलेलं, वारा पाठीशी. दुपारी रस्त्याच्या कडेला एक माणूस चुलीत जाळायचं पीट कापत होता, काळ्या मातीच्या विटा काढून उन्हात रचत होता. निनियनला बघून त्याने मान वर केली.

"एकटेच?"

"एकटाच," निनियन म्हणाला.

माणसाने मान हलवली आणि परत फावडं चालवायला घेतलं. पुढे काही विचारायचा त्याचा विचार दिसत नव्हता. निनियन थोडा थांबला. मग सायकलवरून उतरला, ती गवतात आडवी टाकली, आणि बांधावर बसत म्हणाला, "वारा फिरला बघा आज. काल परवा काय होता म्हणून सांगू तुम्हाला..."

त्या माणसाचं त्या दिवशी फारसं पीट कापून झालं नाही.