फुलसावंगीच्या कापसाचा स्वेटर

चंद्रशेखर रिटायर झाले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी सकाळचं फिरणं, भजनी मंडळ आणि मधुमेह आपसात वाटून घेतले होते. चंद्रशेखरांच्या वाट्याला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी आईच्या विणकामाच्या सुया काढल्या.

सुयांसोबत आईनं जुन्या मासिकांतून कापून ठेवलेले नमुने होते. सगळे साठ सालच्या आगेमागे छापलेले. रुंद कॉलरचा बटणांचा स्वेटर, कमरेला आखूड आणि गळ्याशी टोकदार जाकीट, बिनबाह्यांचा वेणीचा स्वेटर. नव्या डिझाइनकडे ते ढुंकून पाहत नसत. यवतमाळच्या त्यांच्या कॉलनीत बऱ्याच जणांना असे स्वेटर मिळाले होते. मापात ते चोख बसत. फक्त घातले की माणूस भिंतीवरच्या फोटोसारखा दिसे. हार तेवढा घालायचा बाकी.

एवढ्यावर हा छंद निरुपद्रवी राहिला असता. पण मध्ये कापूस आला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्यात पाऊस कमी आणि समित्या जास्त येत. समिती यायची, बोंड हातात धरून फोटो काढून घ्यायची आणि ऊन चढायच्या आत निघून जायची. चंद्रशेखर हे सगळं पेपरात रोज वाचत. आणि गेल्या भाऊबीजेला, जेवणं झाल्यावर, त्यांनी बायकोच्या, इंदुताईंच्या, थोरल्या भावाला, म्हणजे फुलसावंगीच्या भगवानरावांना, सल्ला दिला.

"भगवानराव, कापूस सोडा आता. त्याच्यात काही राहिलं नाही. सोयाबीन पेरा."

भगवानरावांनी हातातला अनारसा ताटलीत परत ठेवला. हेच त्यांना रेडिओनं सांगितलं होतं, समितीनं सांगितलं होतं, बियाणंवाल्यानंही सांगितलं होतं. पण बहिणीच्या घरी, भरल्या पोटी, जावयानं सांगावं?

"जवाईबुवा," ते म्हणाले, "तुमच्या कुंडीतली तुळस तीनदा मेली. मी काही बोललो?"

आणि उठले. मग राखीलाही आले नाहीत. राखी पोस्टानं गेली.

दसऱ्याच्या सुमारास भगवानरावांचा शेजारी सेवादास एक गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. गाठोड्यात सुताच्या लड्या होत्या, जाड, दुधाळ रंगाच्या. भगवानरावांनी घरचा कापूस वर्ध्याकडच्या कुठल्याशा चरखा केंद्रातून कातून आणला होता. निरोप सेवादासला पाठ होता.

"भगवानदादानं सांगतलं, कापसात काही राह्यलं नाही म्हणता ना? तं याचा अंगात घालता येईन असा एक कपडा करून दाखवा. तो घालूनच भाऊबीजेले येतो. नाही जमलं, तं येत नाही."

म्हणजे इंदुताईंची भाऊबीज आता दोन सुयांवर येऊन टेकली.

"कायले बोलले तुम्ही त्या दिवशी?" इंदुताईंनी विचारलं. हा प्रश्न त्या वर्षभर विचारत होत्या. फक्त आता त्यात धार आली.

चंद्रशेखरांनी बिनबाह्यांचा वेणीचा स्वेटर निवडला. त्या नमुन्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: लोकरीऐवजी दुसरा धागा वापरू नये. चंद्रशेखरांची सगळी नोकरी कचेरीत गेली होती. अशा ओळी त्यांनी स्वतः शेकड्यांनी लिहिल्या होत्या आणि एकाही माणसानं त्या पाळल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी सूत सुईवर घेतलं.

दोन सुलट, दोन उलट. मध्ये वेणी. विणकाम मांडीवर मांजर बसल्यासारखं जड लागत होतं. तो त्यांना मालाच्या दर्जाचा पुरावा वाटला. दिवाळीच्या तोंडावर स्वेटर पुरा झाला. स्वतःच्या अंगात घालून पाहिला, तर कमरेशी बरोबर. भगवानरावांचीही अंगलट तीच.

"एवढा जुन्या पद्धतीचा स्वेटर यवतमाळात कोणाकडे नसेल," ते आरशाला म्हणाले.

"धुऊन टाका तो. सुताचा वास येऊन राह्यला," इंदुताई म्हणाल्या.

त्यांनी धुतला. खांद्याला चिमटे लावून अंगणातल्या दोरीवर टांगला आणि जरा आडवे झाले.

उठून पाहतात तर स्वेटर मांडीपर्यंत आला होता. चंद्रशेखरांनी आधी दोरी तपासली. दोरी जागेवर होती. चहा होईस्तोवर तो गुडघ्याला पोचला.

इंदुताई कप घेऊन बाहेर आल्या आणि दोरीपाशी थांबल्या. "हा कोणाचा?"

"भगवानरावांचा."

"माय! माह्या भावाची उंचीच तेवढी हाय."

"वाळला की आखडेल."

वाळला. आखडला नाही. लोकर ताणली तरी मागे येते. कापूस एकदा खाली आला की वर जात नाही, हे जिल्ह्यात कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. चंद्रशेखरांनी तेवढं विचारलं नव्हतं.

सेवादास सामानासाठी यवतमाळात आला होता आणि दुपारच्या गाडीनं स्वेटर घेऊन परत जाणार होता. उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. चंद्रशेखरांनी कात्री घेतली, स्वेटर पलंगावर पसरला आणि कमरेच्या अंदाजावर बोट ठेवलं.

"कापता काय?" इंदुताईंनी स्वेटरवर हात ठेवला. "त्याच्या वावरातला कापूस हाय तो. जेवढा दिला तेवढा परत जाऊ द्या."

"मग हा असा पाठवू? गावात तमाशा होईल माझा."

"होऊ द्या. अन् संगं सांगून पाठवा, का चूक झाली."

"मापाची?"

"दोन्हीची."

चंद्रशेखर कात्री हातात घेऊन बसून राहिले. कचेरीत त्यांनी हजार पत्रं लिहिली होती. 'नजरचुकीने राहून गेले' असं लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणाने' असं लिहिलं होतं, पण 'माझी चूक झाली' हे वाक्य एकदाही खरडलं नव्हतं. त्याची वळणंही त्यांना नीट ठाऊक नव्हती. इंदुताईंनी मात्र स्वेटरवरचा हात काढला नाही.

सेवादास आला तेव्हा चंद्रशेखरांनी पुडकं त्याच्या हातात दिलं.

"त्यांना सांगा, मापात थोडी चूक झाली."

स्वयंपाकघरात इंदुताई खोकल्या.

"आणि... सोयाबीनचं मी बोलायला नको होतं. शेतीतलं मला काही कळत नाही."

सेवादासनं पुडक्याचा कोपरा उघडून आत पाहिलं. पाहतच राहिला. "हे सगळं सांगू, का फक्त दाखवू?"

"दोन्ही," आतून आवाज आला.

भाऊबीजेच्या दिवशी इंदुताईंनी पाट मांडला, ताट तयार ठेवलं, निरांजनात तूप घातलं. सकाळची गाडी येऊन गेली. दुपारचीही गेली असावी. इंदुताईंनी निरांजनात पुन्हा तूप घातलं; तोंडानं एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलत होत्या ते वर्ष चंद्रशेखरांना बरं वाटू लागलं.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. भगवानराव उतरले. डोक्यावर टोपी, खाली धोतर आणि मधल्या सगळ्या मुलखावर स्वेटर. वेणी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उतरली होती.

"इंदे, तो रिक्षावाला मले महाराज म्हणून राह्यला वं," ते पायरीवरूनच ओरडले. "पाया पडला माह्या!"

इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, ते कळायला मार्ग नव्हता.

"भगवानराव," चंद्रशेखर म्हणाले, "निरोप मिळाला ना?"

"मिळाला. सेवादासनं पारावर उभं राहून सांगतला. चांगला मोठ्यानं." भगवानराव पाटावर बसू लागले, स्वेटर आड आला, तेव्हा बायांनी लुगडं सावरावं तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी गोळा केला. इंदुताईंनी ओवाळलं. त्यांनी ताटात ओवाळणी टाकली आणि खालमानेनं म्हणाले, "पेरलं होतं मी."

"काय?"

"तुमचं सोयाबीन. येथून भांडून गेलो अन् मृगात अर्ध्या वावरात टाकलं. कोणाले बोललो नाही."

चंद्रशेखर पुढे सरकले. "कसं आलं?"

भगवानरावांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. "असंच आलं. लय वाढलं. गुडघ्याच्या वर. शेंगा पाहाले गेलो, तं शेंगाच नाहीत."

चंद्रशेखरांनी स्वेटरची खालची कड बोटांनी उचलली आणि सोडून दिली.

"म्हणून येत नव्हतो," भगवानराव म्हणाले. "येऊन काय सांगू? तुमचं आयकलं म्हणू, का तुमचं आयकून बुडालो म्हणू? दोन्हीकून माह्यीच फजिती. मग हा आला. म्हटलं, आता जाता येते."

"हा धुतल्यावर टांगायचा नाही बरं," चंद्रशेखर घाईनं म्हणाले. "खाटेवर आडवा पसरून वाळवायचा."

"खाटेवर? जवाईबुवा, आमच्या घरी एवढा आराम कोणालेच नाही." भगवानरावांनी वेणीवरून हात फिरवला. "पण ऊब लय हाय याच्यात. पहाटे वावरात जाले चांगला हाय, गुडघे झाकते. आता सांगा, पुढच्या साली काय पेरू?"

इंदुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

चंद्रशेखरांनी ताटली उचलली आणि पुढे केली. "अनारसा घ्या."

भगवानरावांनी दोन घेतले. खसखस सगळी स्वेटरच्या ओच्यात पडली. जमिनीवर एक दाणा गेला नाही.