छातीवरच्या खिशातली काच

मी बोलतेय सुरतेतल्या एका शेठच्या सदऱ्याच्या खिशातून. मी काच आहे. कापडाच्या एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायची, पितळी चौकटीची, घडी होणारी. दीडशे वर्षांत मी दोनच मालक जवळून ओळखले. दोघेही हुशार, दोघेही सभ्य, आणि दोघांनीही माणसं जाळली.

पहिला विल्फ्रेड हॉलम. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, मँचेस्टरजवळच्या एका गिरणीगावातला. बाप गरीब पाद्री. पोरगा गणितात असा की अकराव्या वर्षी त्यानं मास्तरांची चूक सगळ्या वर्गासमोर दाखवली आणि त्याबद्दल छड्या खाल्ल्या. पुढे शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेला. तिथे दोन वर्षं खपून लिहिलेला त्याचा निबंध प्राध्यापकानं स्वतःच्या नावावर छापला. हॉलम रडला नाही, भांडला नाही. एवढंच शिकला की काम एकाचं असलं तरी नाव दुसऱ्याचं लावता येतं. मग गुन्ह्यांसाठी त्यानं हीच रीत वापरली. डोकं आपलं, हात दुसऱ्याचा.

बिचाऱ्यावर अन्याय झाला होता, असं म्हणाल. झाला होता. पण अन्याय झालेले सगळेच काही गिरण्या पेटवत नाहीत.

तो दारू प्यायचा नाही. आवाज चढवायचा नाही. सकाळी खिडकीत चिमण्यांना पावाचा चुरा टाकायचा. पुढे त्यानं स्वतःची गिरणी काढली, आणि ती बुडायला लागली तेव्हा म्हाताऱ्या पहारेकऱ्याला त्यानं हळूच सांगितलं, सूत चोरीला जातंय, मागच्या दाराला कुलूप घाल. म्हाताऱ्यानं घातलं. त्याची मुलगी आत कामाला होती. आग लागली तेव्हा मी हॉलमच्या जाकिटात होते, छातीला टेकून. त्याचा ठोका एकदाही जलद झाला नाही. मुलगी आतच जळाली; कुलूप घातल्याच्या गुन्ह्यात पहारेकरी तुरुंगात मेला. हॉलमनं विम्याच्या पैशातून गावाला दवाखाना बांधून दिला, आणि गावानं त्याचा पुतळा उभा केला.

तो गेल्यावर मी जुन्या मागांच्या सामानातून बोटीनं हिंदुस्थानात आले. कुठल्या कुठल्या पेट्यांत पडून राहिले. शेवटी सुरतेत एका भंगारवाल्याकडून हेमराजनं मला उचललं.

हेमराज खानदेशातून पत्र्याची पेटी घेऊन आलेला. डोकं तसंच. पन्नास लूम चालू असताना डोळे मिटून सांगायचा, अमुक नंबरची बंद पडली. आता पर्वत पाटियाला बंगला, गोडादऱ्यात कारखाना. कामगारांशी मात्र अहिराणीतच बोलतो, लग्नात पंगतीला बसतो, मयताला खांदा देतो. सगळे त्याला गाववाला म्हणतात.

शालिग्राम त्याचा जुना जोडीदार, कारखान्यावर देखरेख करणारा. एका श्रावणात शालिग्रामनं त्याला घरच्या कानबाईला, खानदेशातल्या देवीच्या सणाला, बोलावलं. कानबाईचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, फक्त भाऊबंद खातात, बाहेरच्याला तुकडासुद्धा देत नाहीत. पण शालिग्रामनं भरल्या डोळ्यांनी रोटाचं ताट हेमराजपुढे ठेवलं. घरच्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून हेमराज भाऊबंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात कारखाना तोट्यात गेला, आणि हेमराज त्याला म्हणाला, "मांगलं दार बांधी ठेव भो. ताका चोरी जाई ऱ्हायनात."

ताका म्हणजे कापडाचे तागे; सुताच्या जागी कापड, बाकी हॉलमचंच वाक्य. मी खिशात गार पडले. शालिग्रामनं दोरखंड आणला आणि दार बांधलं. तिसऱ्या दुपारी आग लागली. आत तीन जण होते. त्यातला एक गजेंद्र, शालिग्रामचा मुलगा. कोणाच्या तरी बदली त्या दिवशी कामावर आलेला. मी छातीला टेकून ऐकत होते. ठोका जलद झाला नाही.

दहाव्याला हेमराज त्यांच्या घरी खाटेवर बसला होता. शालिग्रामची मुलगी नूतन, कॉलेजात शिकणारी, त्याच्यासमोरच बापाला म्हणाली, "अण्णा, उद्या पोलीस जबाब घेणार आहेत. दार तुम्ही बांधलंत. पण बांध असं सांगितलं कोणी, तेवढं बोला."

शालिग्राम हेमराजकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कोणीच नाही. माझ्याच मनानं बांधलं."

"का, अण्णा?"

"रोट खाल्लाय त्यानं आपल्या घरचा."

पोरगा गेला होता, आणि या माणसाला रोटाची लाज राखायची होती. मला तेव्हा तडा जायला हवा होता. गेला नाही. दुसऱ्या दिवशी शालिग्रामनं पोलिसांनाही तेच सांगितलं. हेमराजनंच त्याला वकील लावून दिला. सगळं गोडादरा म्हणालं, देवमाणूस.

दुखवट्याचं वर्ष सरलं. गेल्या श्रावणात शालिग्रामच्या घरी पुन्हा कानबाई बसली. तो तुरुंगात होता. हेमराज न बोलावता आला आणि पंगतीत आपल्या जागेवर बसला. शालिग्रामची बायको प्रमिलाबाई रोट वाढत आली, त्याच्यापाशी थांबली. तिनं ताट उचललं.

"हाऊ रोट भाऊबंदस्ना शे," ती म्हणाली. "तुम्ही ऊठा."

नूतन आईच्या मागे येऊन उभी राहिली. दीडशे वर्षांत पहिल्यांदा मी टेकले होते त्या छातीचा एक ठोका चुकला.

एकच. शालिग्राम अजून आत आहे. हेमराज आज चलथाणला नव्या कारखान्याची जागा बघायला आलाय. मागचं दार कुठे काढायचं ते कोणाला तरी समजावतोय, अगदी मऊ आवाजात. मला धागा दहापट मोठा करून दाखवता येतो, ओरडता येत नाही. तुम्हाला येतं. कोणी गोड बोलून दार बांधायला सांगितलं, तर दोरीला हात लावण्याआधी विचारा, आत कोण आहे.