काच खाली बसते

नववी बाटली मी लाल ट्रेमध्ये ठेवली, तेव्हा सुपरवायझर साहेब माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांच्या बुटांवरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आधी वाजतात, त्यामुळे ते आले की दचकायला होत नाही.

"ताई, शंभरात नऊ? आज कुणावर राग काढताय?"

"काच आहे साहेब."

"कसली काच? बुडबुडे असतील. सकाळीच तर भरलाय माल."

मी लाल ट्रेमधली एक बाटली मानेला धरून हलकेच गोल फिरवली आणि दिव्याखाली काळ्या पाटीसमोर धरली. इंजेक्शनच्या कारखान्यात आम्हा तपासणाऱ्यांचं काम एवढंच असतं. बाटली फिरवायची, पाच मोजेपर्यंत काळ्या पाटीसमोर बघायची आणि पाच मोजेपर्यंत पांढऱ्या. काळ्यासमोर धागा आणि काच दिसते, पांढऱ्यासमोर काळा कण. वीस मिनिटं बघायचं, पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. बावीस वर्षं मी हेच करत होते. डोळे मिटून बसण्याचाही पगार मिळतो, म्हणून बाकीचे विभाग आमच्यावर जळायचे.

"बुडबुडा वर जातो," मी म्हटलं. "हे बघा, हे खाली बसतंय."

तळाशी चार-पाच पापुद्रे चकाकत उतरले, अभ्रकाचा चुरा पडावा तसे. कधीकधी औषध बाटलीलाच आतून खातं आणि काचेची साल सुटते. चौदा वर्षांपूर्वी एकदा असा माल आला होता. तेव्हाही पहिल्यांदा मलाच दिसला होता, आणि तेव्हापासून कारखान्यात माझं नाव 'दुर्बीण' पडलं. तोंडावर ताई, पाठीमागे दुर्बीण. मला ते नाव आवडायचं, खोटं कशाला सांगू.

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "उद्या हा माल निघायचाय. दोन महिने इथल्या कुठल्याच हॉस्पिटलमध्ये हे इंजेक्शन नाहीये. माहितीय ना?"

मला माहीत नसेल तर कुणाला असेल? नुकत्याच जन्मलेल्या बाळांना जंतूंची लागण झाली की देतात ते हे इंजेक्शन, आणि माझी लेक त्याच बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. गेले दोन महिने ती रोज घरी येऊन पहिला प्रश्न विचारायची, "आई, भरायला घेतलं का तुमच्याकडे?"

मी कागदावर लिहिलं: काचेचे पापुद्रे, नऊ. खाली सही केली. एवढी संख्या लिहिली गेली की बॅच आपोआप अडकते. मग ती सोडवायचा एकच सोपा मार्ग असतो. ज्या बाईने लिहिलं, तिनेच 'माझी पाहण्यात चूक झाली' असं लिहून द्यायचं.

घरी आले तेव्हा लेक ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी तिला सगळं सांगितलं. तिने नर्सला शोभेल असा हिशेब मांडला.

"शंभरात नऊ म्हणजे एक्याण्णव चांगल्या ना? त्या तरी पाठवा."

"मला दिसल्या त्या नऊ. आतून सुटायला लागली की सगळ्यांचीच सुटणार. आज नाही तर पंधरा दिवसांनी."

"आई, आज एक बाळ आलंय. तीन दिवसांचं आहे. दुसऱ्या औषधावर ठेवलंय, पण ते काही फारसं लागू पडत नाहीये." तिने पेला धुऊन पालथा घातला, पुन्हा उचलून पुन्हा धुतला. "तुला नक्की दिसलं?"

"नक्की."

"कशाने नक्की? माझ्या गाऊनला बटण लावायचं तर सुईत दोरा मी ओवून देते तुला."

घरचीच माणसं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतात. आठ महिने झाले होते. डोळ्यांसमोरचं बारीक अक्षर आधी फुगलं, मग विरघळायला लागलं. पण आमच्याकडे चष्मा लागला की तपासणीची खुर्ची जायची. तसा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, साहेबांच्या मनात होता, आणि तेवढा पुरायचा. दर सहा महिन्यांनी प्रथमोपचाराच्या खोलीत डोळे तपासायचे. हातात धरायचं एक कार्ड, त्यावर आकड्यांच्या ओळी, खाली खाली बारीक होत गेलेल्या. अकरा वर्षं तेच कार्ड. नवीन बाई आली की तिला हातमोजे कसे चढवायचे ते शिकवायचो, आणि जोडीला शेवटची ओळही पाठ करून घ्यायचो. तीन आठ पाच, सहा नऊ दोन. मी स्वतः सात जणींकडून ती घोकून घेतली होती. त्यात काही पाप आहे असं कधी वाटलं नाही. तेव्हा डोळे सगळ्यांचेच चांगले होते, परीक्षेची भीती तेवढी वाटू नये, इतकंच.

"काच बाळाच्या अंगात गेली तर काय होतं?" मी विचारलं.

लेकीने ओले हात पदराला पुसावेत तसे गाऊनला पुसले. "त्यांची शीर बघितलीयस का तू? दोऱ्याएवढी असते. तिथून ती थेट फुप्फुसात जाते." मग म्हणाली, "पण आई, औषध नसलं तर काय होतं तेही मी रोज बघते. मला नको विचारूस."

त्या रात्री आम्ही दोघींनी एकमेकींना झोप लागल्याचं भासवलं. मला तिचा राग आला नाही, कीव आली, आणि स्वतःची भीती वाटली. कारण एकच सही केली असती तर तिची आणि माझी, दोघींची सुटका होती.

सकाळी क्वालिटीच्या मॅडमनी बोलावलं. साहेब आधीच येऊन बसले होते. टेबलावर कागद तयार होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती मुलगी, जिला आम्ही सगळ्या धाकटी म्हणतो, तिने त्याच बॅचच्या शंभर बाटल्या पुन्हा पाहून 'दोष नाही' असं लिहिलं होतं. तिची सही एरवी टपोरी असते. कागदावर ती मुंगीएवढी होती.

"दुसऱ्या तपासणीत काही सापडलं नाही, ताई," मॅडम म्हणाल्या. बाई सरळ होती, पण तिच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतंच. "तुम्ही बुडबुड्यांना काच समजलात, असं लिहून दिलंत तर मी बॅच सोडते. वरून सारखे फोन येतायत. हॉस्पिटलवालेही विचारतायत."

"प्रयोगशाळेत पाठवा ना त्या बाटल्या."

"आठवडा जाईल त्यात," साहेब म्हणाले. "आणि ताई, जरा शहाणपणाने घ्या. तुमची डोळ्यांची तपासणी याच महिन्यात आहे. नेहमीच्या कार्डावर पास व्हाल, त्यात काही प्रश्न नाही. पण तुम्ही असं ताणून धरलंत तर बाहेरचा डॉक्टर येईल, कार्ड नवीन येईल. या वयात कशाला?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. इतकी वर्षं सगळे मूग गिळून होते. खरं तर मी घाबरायला हवं होतं. उलट बरं वाटलं, एखादं जड गाठोडं दुसऱ्याने आपणहून उचलून टेबलावर ठेवावं तसं.

"डॉक्टर आजच बोलवा," मी म्हटलं.

"ताई, विचार करा."

"रात्रभर केलाय."

डॉक्टर दुपारी आला. त्याने बॅगेतून कोरं करकरीत कार्ड काढलं. मॅडम आणि साहेब दोघेही समोर उभे होते. पहिल्या ओळी मी धडाधड वाचल्या. खालून दुसरी ओळ अडखळत, अंदाजाने. शेवटच्या ओळीवर आले तेव्हा तिथे फक्त करडी रेघ होती. जिभेवर तीन आठ पाच तयार होतं, सवयीने. मी ते गिळलं.

"ही ओळ मला दिसत नाही," मी म्हटलं.

साहेबांनी श्वास सोडला. "झालं तर मग, मॅडम. यांची तपासणी बाद. दुसरा कागद आहेच आपल्याकडे."

"लिहा तसं," मी म्हटलं. "या बाईला शेवटची ओळ दिसत नाही, असं लिहा. आणि त्याच्याच खाली लिहा, तरीही हिला नऊ बाटल्यांत काच दिसली."

मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते तिथेच थांबलं.

"मला बारीक दिसत नाही मॅडम. धाग्यासारखं काही असतं तर माझ्या नजरेतून सुटलंच असतं. मला दिसलं म्हणजे ते किती मोठं असेल, ते तुम्हीच बघा. आणि जे मला दिसलं नाही ते किती असेल, तेही."

साहेब काहीतरी बोलायला लागले. मॅडमनी हात वर केला. त्यांनी लाल ट्रे मागवला, स्वतः दिव्याखाली धरून एक बाटली फिरवली, आणि पाच मोजेपर्यंत नाही, खूप वेळ पाहत राहिल्या. मग फोन उचलून म्हणाल्या, "बॅच अडवा. सगळी." फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ही ओळ किती दिवस दिसत नाहीये, ताई?"

या प्रश्नाला मी रात्रभर भीत होते. "दोन-चार दिवस" म्हटलं असतं तर कुणी खोटं पाडू शकलं नसतं.

"आठ महिने," मी म्हटलं. "आणि ते जुनं कार्ड आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. बहुतेकींना मीच शिकवलंय."

प्रयोगशाळेने पाच दिवसांनी कळवलं की काचच होती, आणि चांगल्या म्हणून बाजूला ठेवलेल्या बाटल्यांतही होती. तोवर नव्या कार्डाने सगळ्यांचे डोळे तपासून झाले होते. माझ्याबरोबर आणखी दोघींची खुर्ची गेली. त्यातली एक माझ्याशी आजही बोलत नाही, आणि तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही. धाकटीने मात्र शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग त्या शंभर बाटल्यांत तिला काच कशी दिसली नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. सुटीच्या वेळी कपडे बदलायच्या खोलीत ती हातमोजे काढायला लागली की मी नजर दुसरीकडे वळवायचे.

नवा माल यायला तीन आठवडे लागणार होते. बॅच अडवल्याच्या चौथ्या दिवशी लेक घरी आली ती बूटही न काढता खुर्चीवर बसली.

"बाळ कसं आहे?" मी विचारलं.

"दुसऱ्या शहरात हलवलं. तिथे थोडं औषध शिल्लक होतं म्हणे."

"मग?"

"मग काही कळलं नाही आई. हलवल्यावर आम्हाला कुणी कळवत नाही."

ती माझ्यावर चिडली असती तर सोपं गेलं असतं. तिने सुईदोऱ्याचा डबा पुढ्यात ओढला, दोरा ओवला आणि गाऊनचं बटण स्वतःच लावत बसली.

पुढच्या सोमवारी मॅडमनी मला बोलावलं. माझ्या नाकावर नवा चष्मा होता आणि बसायला जागा आता खोके भरायच्या विभागात होती. टेबलावर आठ महिन्यांचे कागद रचून ठेवले होते. मी तपासलेल्या एकेचाळीस बॅच. प्रत्येकीचे राखून ठेवलेले नमुने आता पुन्हा तपासले जाणार होते, आणि त्यासाठी प्रत्येक कागदावर माझं म्हणणं हवं होतं.

"एकाच कागदावर सगळं मिळून लिहिलंत तरी चालेल," मॅडम म्हणाल्या. "कायद्याला तेवढं पुरे."

"नको," मी म्हटलं. "बॅच वेगळ्या आहेत."

चष्म्यातून कागदावरचा बारीक छापसुद्धा लख्ख दिसत होता. मी पहिला कागद ओढला आणि लिहिलं, 'ही बॅच तपासताना मला शेवटची ओळ दिसत नव्हती.' खाली तारीख, त्याखाली सही. मग दुसरा. मॅडम थोडा वेळ बसल्या, मग कुणाच्या तरी फोनला उठून गेल्या. साडेतीन तास लागले. विसाव्या कागदानंतर बोटं आखडली, ती थोडी चोळली आणि पुढचा घेतला. एकेचाळिसावी सही पहिलीइतकीच टपोरी आली.